तिनं खरी मानलेली गोष्ट

शकू गेल्याची बातमी मला कुणी सांगायची नव्हती, मी तिच्या उशाशीच बसलो होतो. ती मला सांगायची होती, पुण्याला, आमच्या लेकीला. आणि आमच्याकडं अशी बातमी लांबच्या माणसाला फोनवर कुणी सांगत नाही. जास्त झालंय, निघ, एवढंच म्हणायचं... वाटेत माणसाचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून. भालकीपासून उमरग्यापर्यंत हा रिवाज सगळ्यांना पाठ आहे. मीही तेच केलं. ज्योतीला फोन लावून म्हणालो, आईला जरा जास्त झालंय, बाळाला घेऊन निघ, सरळ घरीच ये. ती म्हणाली, "अप्पा, आईला जास्त झालंय तर तुम्ही दवाखान्यात असायला पाहिजे. मला घरी कामून बोलवायलात?" तिच्या आईनं कुठल्याही गोष्टीत जिथं बोट ठेवलं असतं, लेकीनं नेमकं तिथंच ठेवलं होतं. फोन तसाच चालू राहिला आणि पुण्याकडनं रडण्याचा आवाज यायला लागला.

तेराव्यापर्यंत ज्योती इथं, सीमेलगतच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणात राहिली, आणि आईचं खरं दुखणं काय होतं ते तिला तेव्हाच कळलं. जाताना गाडीत बसायच्या आधी तिनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, आईला ठाऊक होतं का? मी म्हणालो, नाही बाळ, तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही, सुखात गेली. ज्योतीनं मान हलवली. ती गाडीत बसली, गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि मी दारात उभा राहिलो. मी सांगितलं ते खोटं होतं. त्यानंतर तिचे फोन आले, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, सगळं विचारते. तो प्रश्न मात्र पुन्हा विचारलेला नाही. आणि तिनं पुन्हा विचारलं नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटते.

या पुरवणीच्या संपादकांनी मला काकूंच्या, म्हणजे शकूच्या, गोष्टींवर लिहा म्हटलं. त्यांचाही लहानपणीचा काही काळ आमच्या ओट्यावर गेलेला आहे. शकू गेल्याचं कळल्यावर आमच्या गल्लीतली, आता हैदराबाद-पुण्याला नोकऱ्या करणारी पोरं मला निरोप पाठवत राहिली. त्यात सांत्वन कमी आणि जुने प्रश्न जास्त. एकानं लिहिलं, सर, ससा वाटेत झोपला तेव्हा आजूबाजूला एकही कुत्रं नव्हतं का, हे काकूंनी विचारलेलं मी अजून माझ्या मुलाला विचारतो. तेव्हा त्या गोष्टींवर लिहायला मी बसलो. पण त्या लिहायच्या तर शेवटची एक टाळता येत नाही. ती टाळून लिहून पाहिलं, जमलं नाही.

शकू उदगीरकडची. बारावी झालेली, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा मी मंठाळच्या मराठी शाळेत नुकताच लागलो होतो. सकाळी बसनं जायचो, संध्याकाळी यायचो, आणि दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्यानं वाचून काढायचो, ही माझी सवय. एका संध्याकाळी मी चिमणी-कावळ्याची गोष्ट वाचत होतो आणि ती भाकरी थापत होती. आमचं अजून एकमेकांशी धड बोलणं सुरू झालं नव्हतं. गोष्ट संपली, मी खालचं तात्पर्यही वाचलं, आणि परातीतला तिचा हात थांबला. "मेणाचं घर?" ती म्हणाली. "गुरुजी, आपल्याकडं चैत्रात पत्र्यावर पापड भाजून निघतेत. मेणाचं घर पावसापर्यंत टिकलंच कसं?" मला वाटलं, थट्टा करतेय. पण चेहरा गंभीर होता. शेणाचं घर एका पावसात वाहून जातं असं लिहिणाऱ्यानं जन्मात भिंत सारवलेली नसणार, हे तिनं ठामपणे सांगितलं. एवढं मेण चिमणीनं आणलं कुठून, पोळं कुणी काढलं, माशा काय गप्प बसल्या? आणि शेवटी भाकरी तव्यावर टाकता टाकता तिनं जे विचारलं त्याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. भिजून कुडकुडणाऱ्या शेजाऱ्याला दारात उभं करून आत लेकराची आंघोळ उरकत बसणारी बाई या गोष्टीत चांगली कशी काय ठरली? दुसऱ्या दिवशी वर्गात मी तात्पर्य फळ्यावर लिहिलं नाही. मुलांना म्हणालो, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. नोकरी लागल्यावर मी केलेलं पहिलं बरं काम ते असावं.

तेव्हापासून ती मला गुरुजी म्हणायची. आदरानं नव्हे, चिडवायला. मी कमी बोलणारा माणूस. घरात हसू आलं तरी ते पुस्तकाआड करायचो. तिला ते दिसायचं, आणि मग ती आणखी एक प्रश्न काढायची.

ज्योती झाली, बोलायला लागली, आणि गोष्टींचा कारखानाच सुरू झाला. संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली पोरं जमायची. मराठी, कन्नड, दखनी, ज्याची जी भाषा असेल तीत प्रश्न. शकूचा नियम एकच होता. गोष्ट चालू असताना कुणीही 'खोडा' म्हणून ओरडायचं आणि शंका विचारायची. शंका फिटल्याशिवाय गोष्ट पुढं जाणार नाही, आणि नाहीच फिटली तर गोष्ट बदलायची. त्यामुळं आमच्या ओट्यावर कुठलीच गोष्ट दोनदा सारखी झाली नाही. लांडगा आला रे आला म्हणून गावाला फसवणाऱ्या पोराची गोष्ट तर पंधरवडाभर अडून बसली होती. तिसऱ्या वेळी गावकरी गेले नाहीत, असं शकूनं म्हणताच एका धनगराच्या पोरीनं खोडा घातला. शेळ्या कुणाच्या होत्या, तिनं विचारलं. गावाच्या, शकू म्हणाली. मग ज्याची शेळी तो पळत जाईल की, पोरगं खोटारडं असलं म्हणून काय शेळी मरू द्यायची? शेवटी तिनं गोष्टच फिरवली. गाव तिसऱ्यांदाही पळत गेलं, शेळ्या वाचवल्या, आणि मग पोराला घरी आणून भरपूर शिव्या दिल्या. शिव्या कुठल्या, हे तिन्ही भाषांत सांगण्यात पोरांची ती संध्याकाळ गेली, आणि समोरच्या अक्का, आमच्या कन्नड शेजारीण, हसून हसून डोळे पुसत घरात गेल्या.

तहानलेल्या कावळ्याचं प्रकरण शाळेपर्यंत गेलं. आमच्या भागातलं रान काळं, हात-हात खोल माती, त्यात खडा हुडकून मिळत नाही. कावळ्याला तो कसा मिळाला, इथून सुरुवात झाली. मग रस्त्याच्या कामाला आणून टाकलेली खडी पोरांनी गोळा केली, तांब्याच्या तळाशी थोडं पाणी घातलं आणि एकेक खडा टाकायला लागली. तांब्या खड्यांनी गच्च भरला आणि पाणी वर आलंच नाही, ते खड्यांच्या फटीत लपून बसलं. पुन्हा केलं, पाणी जरा वाढवलं. तांब्या आधीच अर्ध्याहून जास्त भरलेला असेल तरच पाणी तोंडाशी येतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ज्योती तेव्हा चौथीत. परीक्षेत कावळ्याच्या हुशारीवर प्रश्न आला, तिनं लिहिलं, कावळा हुशार नव्हता, त्याच्या नशिबानं माठात पाणी बरंच होतं. गुण मिळाला नाही. मी मास्तर, मला ते लागलं. पुस्तकात आहे तेवढं लिहावं, असं मी ज्योतीला जरा चढ्या आवाजात म्हणालो. शकू आतून आली. तिचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. "गुणाचं जाऊ द्या," ती म्हणाली. "लेकरू बघितलेलं लिहून आलंय. बघितलेलं सांगायचं सोडलं तर पुढं अवघड जातंय, गुरुजी."

तिची स्वतःची लाडकी गोष्ट म्हातारीची. लेकीकडं चार दिवस खाऊन-पिऊन येते म्हणून निघालेली आणि भोपळ्यात बसून वाघाच्या समोरनं परत आलेली ती म्हातारी. या गोष्टीवर तिचा राग आणि लोभ दोन्ही होते. एवढा भोपळा कुणाच्या वेलाला लागला, आत श्वास कसा घेतला, हे प्रश्न ती पोरांना सोडायची. तिचा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता. जावई कुठं गेला होता? वाघाच्या रानातनं सासू एकटी जायलीय, आणि त्याला बसस्टँडपर्यंत सोडायला येणं झालं नाही? ज्योतीच्या लग्नात तिनं जावयाला हे सगळ्यांदेखत विचारलं, मी मुक्कामाला येईन तेव्हा सोडायला कोण येणार ते आधी सांगा म्हणून. जावई पुण्याचा, त्याला काही कळेना. ज्योती हसत होती आणि डोळे पुसत होती.

ही बाई, जिला मेणाचं घर पटलं नाही, तिला मी गोष्ट सांगितली.

शकूचं पोट दुखायला लागलं, खाणं कमी झालं, डोळे पिवळे दिसायला लागले. इथल्या डॉक्टरांनी तपासून मला एकट्याला आत बोलावलं आणि म्हणाले, मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका. आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला सोलापूरला जातात. रस्ता सरळ, बस भरपूर, आणि भाषा आपली. मी शकूला गुलबर्ग्याला नेलं. नाव कलबुर्गी झालं तरी आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच आहे. लोकांनी विचारलं, सोलापूर सोडून तिकडं कसे? मी सांगितलं, ओळखीचे डॉक्टर आहेत. ओळखीचं कुणी नव्हतं. सोलापुरात डॉक्टर मराठीत बोलले असते आणि शकूनं ऐकलं असतं. गुलबर्ग्यात ते कन्नडमध्ये बोलणार होते, आणि मधे मी असणार होतो. दवाखाना मी भाषा बघून निवडला... हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरीण तरुण होत्या, शांत बोलायच्या. पित्ताशयाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला, ऑपरेशनची वेळ निघून गेलेली. काही महिने, त्या म्हणाल्या. शकू बाजूच्या खुर्चीवर बसून आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. डॉक्टरिणींनी मला विचारलं, पेशंटला सांगायला हवं, मी सांगू का? मी म्हणालो, त्यांना कन्नड नीट कळत नाही, मी आमच्या भाषेत सांगतो. त्यांनी विश्वास ठेवला. मी शकूकडं वळलो आणि म्हणालो, पित्ताचे खडे आहेत, आत सूज आली आहे. सूज उतरली की बघू.

"खडे?" शकू म्हणाली. "आपल्या काळ्या रानात हुडकून सापडंनात, आन् माझ्या पोटात बरे सापडले." एवढं म्हणून ती हसली.

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. परतीच्या वाटेवर, घरी, दुसऱ्या दिवशी... प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. समोरच्या अक्कांचं मागं खड्यांचंच ऑपरेशन झालं होतं. आठवडाभरात त्या अंगणात सडा घालत होत्या, आणि त्यांच्या घरी डबा शकूनंच पोचवला होता. अक्का आठवड्यात उठल्या, मग मला गोळ्याच कामून? एवढं तिनं विचारलं असतं की माझी गोष्ट तिथंच मोडली असती. मी उत्तर तयार ठेवलं होतं, शाळेत जाता-येता बसमध्ये मनात घोकत होतो. तिनं विचारलंच नाही. माझी गोष्ट इतकी चांगली जमली, असं मला वाटलं. आणि बायकोला बत्तीस वर्षं कन्नड बायकांच्या शेजारात राहून, त्यांच्याशी भाजी निवडत, भांडत, लग्नाकार्यात राबत, डॉक्टरचं चार वाक्यांचं बोलणं कळणार नाही, असंही मला खरोखर वाटलं. माणसाला जे सोयीचं असतं ते तो खरं धरून चालतो.

एक खोटं एकटं राहत नाही. ज्योतीला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. खोली झाडून, पोतंभर बाळंतशेपा आणून शकूची तयारी सुरू होती. ज्योती आली असती तर तिनं आईला एकदा बघताच ओळखलं असतं. मी ज्योतीला म्हणालो, आईला खड्यांचा त्रास आहे, पथ्यपाणी आहे, तिला उठबस होणार नाही, तू तिकडंच बाळंत हो. शकूला म्हणालो, ज्योतीच्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. ज्योतीला वाईट वाटलं. आईनं माझ्यासाठी एवढंही करू नये, असं ती नवऱ्याला म्हणाली, हे मला नंतर कळलं. फोनवर तिनं आईला खोदून खोदून विचारलं, आई, अक्का तर आठवड्यात उठल्या होत्या, तुला एवढे दिवस कसे? मी शेजारीच बसलो होतो. शकू शांतपणे म्हणाली, अक्कांचे बारीक होते, माझे मोठे हायेत. तू सांभाळून राहा. फोन ठेवला आणि मला म्हणाली, चहा करता का थोडा. माझी गोष्ट तिनं सावरून घेतली होती. तेव्हाही मला कळलं नाही... किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

नात झाली. शकूनं ती मोबाईलवर पाहिली. पडदा अगदी डोळ्यांजवळ धरून बघत राहायची, कान कुणावर गेलेत, जावळ किती आहे. बारशाला जायचं ती बोलायला लागली. मी म्हणालो, डॉक्टरांनी एवढा प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलंय. खरं तर डॉक्टरिणींनी उलटं सांगितलं होतं. जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, नंतर जमणार नाही. शकूनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. "म्हातारीला निदान भोपळा तरी मिळाला," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

त्यानंतर पोटात पाणी व्हायला लागलं, ते काढायला गुलबर्ग्याला नेऊन ठेवावं लागलं. दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे नातेवाईक जेवायला खाली गेले होते, डॉक्टरीण नुकत्याच येऊन माझ्याशी बोलून गेल्या होत्या. मी शकूसाठी मोसंबं सोलत बसलो होतो. आजारी पडल्यापासून तिनं एकही गोष्ट सांगितली नव्हती. त्या दुपारी आपणहून म्हणाली, गुरुजी, माकड-मगराची आठवती का? मी म्हणालो, आठवते. तरी तिनं सांगितली. मगरीण आजारी, तिला माकडाचं काळीज पाहिजे. तिचा नवरा दोस्त म्हणवणाऱ्या माकडाला पाठीवर घेऊन नदीत निघतो आणि मधे गेल्यावर खरं सांगून टाकतो. माकड म्हणतं, अरे, काळीज तर झाडावरच राहिलं, मला माघारी ने, काढून देतो. आणि मगर माघारी फिरतो. इथवर सांगून तिनं दम घेतला.

"सगळे त्या मगराला येडा म्हणतेत," ती म्हणाली. "मीबी म्हणत होते. आता वाटायलंय, त्याला ठाऊक होतं. काळीज काढून फांदीवर ठेवता येत न्हाई, एवढं त्याला कळंना व्हय? पण पाठीवरचं माकड लटलट कापायलं होतं. जुना दोस्त. त्याला बुडवायचं मगराच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं ती गोष्ट खरी मानली."

मी मोसंब्याकडं बघत होतो. ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरीण बोलतेत तवा तुमचे हात लई कापतेत, गुरुजी."

तिनं दार उघडलं होतं. याहून जास्त एखादा माणूस दुसऱ्यासाठी काय उघडू शकतो? मला फक्त तिचा हात धरून म्हणायचं होतं, व्हय, शकू. मग ती म्हणाली असती, ज्योतीला बोलवा. ज्योती तिसऱ्या दिवशी आली असती, नात तिच्या मांडीवर असती. मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

तिनं पाणी घेतलं. घोटभर पिऊन भांडं माझ्या हातात दिलं. मग "ज्योती..." एवढं म्हणून थांबली. मी म्हणालो, बरी झालीस की आपण दोघंच जाऊ पुण्याला. ती व्हय म्हणाली आणि भिंतीकडं कूस वळवली.

मला सांगायचं आहे ते हे. पहिलं खोटं मला लोक माफ करतात. आमच्याकडं घरोघर हेच करतात, पेशंटला सांगत नाहीत, आणि सगळे म्हणतात, तुम्ही तिच्या भल्यासाठी केलंत. तिला ठाऊक आहे हे कळल्यावर मी जे केलं, ते कुणाच्या भल्याचं होतं? त्या दुपारनंतर ती काही आठवडे शुद्धीवर होती. बसत होती, बोलत होती, दोन घास खात होती. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी फोन लावू शकलो असतो. रोज सकाळी उठून लावायचं ठरवायचो. पण तिला एकदा खरं बोललो असतो तर ते माझ्यासाठीही खरं झालं असतं. तिच्यासमोर मला रडावं लागलं असतं, आणि मी आयुष्यात कुणासमोर रडलेलो नाही. ती माझी भीती होती. तिची नव्हती. ती सगळं घेऊन बसली होती, मला सांभाळत. आणि तेव्हाही तिनं मला एक प्रश्न विचारला नाही.

इथवर लिहिलं आणि थांबलो. ज्योतीनं हे पहिल्यांदा पुरवणीत वाचावं, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. संपादकांना सांगितलं, आठवडाभर थांबा, आणि सोलापूर मार्गे पुण्याला गेलो. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो. मग लक्षात आलं, पुन्हा तेच करतोय, उत्तरं घोकतोय. ते सोडून दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

ज्योतीच्या स्वयंपाकघरात, ती बाळाची बाटली उकळत असताना, मी सांगायला सुरुवात केली. तू विचारलं होतंस ना, आईला ठाऊक होतं का. मी खोटं सांगितलं होतं. तिनं गॅस बंद केला. मी सगळं सांगितलं, सोलापूर सोडून गुलबर्गा, डॉक्टरिणीचं बोलणं, मगराची गोष्ट. ती रडली नाही. ती विचारायला लागली. आईनं त्या दिवशी काय खाल्लं होतं? ती बसून बोलली की झोपून? मगराची गोष्ट सांगताना हसत होती का? डॉक्टरीण आल्या तेव्हा आई जागी होती का? एकेक उत्तर मी जसं होतं तसं दिलं. जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणालो. माझ्या आयुष्यात मी एवढं बोललेलो नाही. शेवटी ती म्हणाली, मग तुम्ही काय म्हणालात?

"पाणी देऊ का म्हणालो."

त्यावर ती म्हणाली, म्हणजे मी येऊ शकले असते. व्हय, मी म्हणालो. बाळाला घेऊन. व्हय. आईनं तिला मांडीवर घेतलं असतं. व्हय. ती गॅलरीत गेली आणि बराच वेळ आली नाही. आत बाळ उठून रडायला लागलं, मी ते उचलायला गेलो, माझे हात कापत होते, म्हणून नुसता पाळण्याला धरून उभा राहिलो. ज्योती आली, तिनं बाळाला घेतलं, बाटली तोंडात दिली आणि खुर्चीवर बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी इतक्यात काही म्हणणार नाही, अप्पा. मला जमायचं नाही."

मी बरं म्हणालो. पिशवी कुठं ठेवली ते बघायला लागलो, संध्याकाळची बस होती.

"जाऊ नका," ती म्हणाली. "बसा. मला ती दुपार परत सांगा. पहिल्यापासून, आई सकाळी उठली तिथनं."

मी समोर बसलो आणि सांगायला लागलो. सकाळी शकू लवकर उठली, म्हणाली खिडकी उघडा, ऊन येऊ द्या...

"थांबा," ज्योती म्हणाली. "खिडकी कुठल्या बाजूला होती?"

पूर्वेला, मी पटकन म्हणालो. मग डोळे मिटले, ती खोली, ती खाट, खालचा रस्ता नीट आठवला, आणि म्हणालो, नाही. दक्षिणेला होती. ऊन आलंच नव्हतं.